पदवी हाती आली, पण खोली मिळेना!

आपल्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीधर होते तेव्हा तो आनंद एका घरात मावत नाही. आई वस्तीभर पेढे वाटते. वडील कामावर चार जणांना निकाल सांगतात. विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लागते. पण महिना उलटत नाही तोच एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो. नोकरी लागते पुण्याला, ठाण्याला नाहीतर नव्या मुंबईत, आणि घर असते परभणीला, वाशिमला किंवा सोलापूरकडच्या एखाद्या तालुक्यात. म्हणजे खोली पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच आपला मुलगा किंवा मुलगी परक्या दारात उभी राहून विचारते, "खोली भाड्याने द्यायची आहे का?" आणि आतून उलट प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय?"

शिका, हे आपण मुलांना रोज सांगतो. शिकून झाल्यावर परक्या शहरात डोके टेकायला जागा कशी मिळवायची, हे मात्र घरात कुणी सांगत नाही. कारण आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना तो अनुभवच नाही. कुणी चाळीत जन्मले, कुणी रेल्वेच्या नाहीतर नगरपालिकेच्या क्वार्टरमध्ये वाढले, कुणी झोपडपट्टीत आपल्याच माणसांच्या शेजारी राहिले. करार, अनामत, दलाली हे शब्द घरात कधी आलेच नाहीत. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

वसतिगृहाची खाट सुटते तेव्हा

शिक्षण चालू असते तोवर थोडाफार आधार असतो. समाजकल्याणचे शासकीय वसतिगृह असते. तिथे प्रवेश मिळाला नाही तर २०१६-१७ पासून सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाह भत्ता मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये देण्याची तीत तरतूद झाली. पण हा सारा आधार विद्यार्थ्याला असतो, पदवीधराला नसतो. शेवटचा पेपर झाला की खाट रिकामी करावी लागते आणि भत्ताही थांबतो.

आता घड्याळ उलटे फिरते. पगार महिना भरल्यावर मिळणार. अनामत मात्र पहिल्या दिवसाच्या आधी द्यायची. हे मधले तीस-चाळीस दिवस फार कठीण असतात. चांगली लागलेली नोकरी सोडून मुले गावी परततात ती याच दिवसांत. लोक म्हणतात, "शहर मानवले नाही." खरे तर त्याला शहरात जागाच मिळालेली नसते.

बडोद्यातील अकरा दिवस

आपल्या मुलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खोली नाकारली गेली म्हणजे आपण कुठे कमी पडलो असे नाही. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनाही खोली नाकारली गेली होती.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. झाले. तिथून लंडनला गेले. दोन्ही शहरांत त्यांना राहायला जागा मिळाली. जात विचारून कुणी दार लावले नाही. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव परदेशातील त्या वर्षांनी मनातून पुसून गेली होती, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. १९१७ साली ते परत आले आणि शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर होण्यासाठी बडोद्याला गेले. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो राहायचे कुठे, हाच.

हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नव्हता. ते पारशांच्या धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. शेवटी तिथल्या रखवालदाराशी बोलून वहीत एक पारशी नाव लिहायचे ठरले आणि दिवसाला दीड रुपयात राहणे-जेवण मिळाले. वरच्या मजल्यावरची छोटीशी खोली, बाजूला अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना, रात्री अंधार आणि बोलायला माणूस नाही. दिवसा कचेरी आणि रात्री ही कोंडी. संस्थानकडून बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, त्याचा निकाल लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले. धर्मशाळा बाटवलीस, असा त्यांचा आरोप होता. संध्याकाळपर्यंत निघून जा, असे बजावून ते गेले. बाबासाहेबांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. पहिल्याने सांगितले की तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले की बायकोला विचारावे लागेल. बाबासाहेब काय ते समजले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता. तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला लोक तिथे जमतात.

आपण हा प्रसंग जयंतीच्या भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण तो नीट पाहिला तर काय दिसते? विद्वत्ता होती, सरकारी नोकरी होती, खिशात भाडे होते आणि तरी राहायला जागा नव्हती. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे सौम्य रूप आपली मुले आजही पाहतात.

प्रश्न आडून येतो

आज कुणी काठी घेऊन दारात येत नाही. आज प्रश्न आडून येतो. आधी आडनाव विचारतात. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात, मग "गावात कोणत्या बाजूला?" असे विचारतात. काही जण विचारतात, "नॉनव्हेज खाता का?" काही जण थेट विचारतात, "तुमच्यात लग्नं कशी करतात?" एवढे झाल्यावर उत्तर येते, "अहो, कालच एकाला शब्द दिलाय." आठवड्याने पाहावे तर "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी तिथेच लटकत असते.

हा केवळ आपल्या मनाचा संशय नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत याचा पद्धतशीर अभ्यास केला. सारखीच नोकरी, सारखीच ऐपत सांगणाऱ्या माणसांनी वेगवेगळ्या नावांनी घरमालकांना फोन केले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाला फोनवर जवळजवळ कुणी नकार दिला नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम नावाला सुमारे ३१ टक्के सरळ नकार मिळाला. ज्यांनी होकार दिला त्यांच्यातही काहींनी दलितांपुढे जास्तीच्या अटी टाकल्या. म्हणजे नाव हेच कारण होते.

मुलांचा एक प्रश्न असतो. आडनाव सांगावे की लपवावे? बाबा बौद्धाचार्य आहेत, घरात त्रिशरण-पंचशील होते, आणि पोरगा शहरात नुसते पहिले नाव सांगून खोली घेतो, हे आईवडिलांना लागते. पण नोकरी टिकवण्यासाठी, अंगावर पाऊस असताना, ज्याने नाव पूर्ण सांगितले नाही त्याला घरच्यांनी टोचून बोलू नये. मात्र मुलांनीही हिशेब करावा. उसन्या नावाने मिळालेले छप्पर किती दिवस टिकते? बडोद्यात ते अकरा दिवस टिकले. पुढे आधार कार्ड द्यावे लागते, करारात पूर्ण नाव लागते, पोलिसांना भाडेकरूची माहिती जाते. एक दिवस नाव कळतेच. तोवर १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला जीव मुठीत धरून राहायचे, बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवायचा, आई भेटायला आली तर "जय भीम म्हणू नकोस" असे तिच्या कानात सांगायचे. हे भाडे पैशांत मोजता येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे पहिल्याच भेटीत पूर्ण नाव सांगावे. नकार यायचाच असेल तर अनामत देण्याआधी आलेला बरा.

पैशांचा हिशेब

आता व्यवहाराकडे येऊ. उदाहरणासाठी आकडे घेऊ. तीन मित्रांनी मिळून महिना १८,००० रुपयांचा फ्लॅट घेतला. अनामत ५०,००० ठरली. दलालाने एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागितले, म्हणजे १८,०००. पहिल्या महिन्याचे भाडे १८,०००. एकूण ८६,००० रुपये. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २८,७०० रुपये, तेही पहिला पगार हातात पडण्यापूर्वी. वर गादी, बादली, शेगडी आणि महिनाभराचे जेवण आहेच.

ही रक्कम उभी करायला आई बचत गटातून उचल घेते किंवा कानातले गहाण टाकते. म्हणून शेवटच्या वर्षातच घरात याचा विचार व्हावा. मुलाच्या वाढदिवसाला, निकालाला मोठा खर्च करण्यापेक्षा तेवढी रक्कम त्याच्या नावाने बाजूला ठेवावी. आणि सुरुवातीलाच फ्लॅट घेतला पाहिजे असे नाही. पुण्यात 'कॉट बेसिस' म्हणतात तशी एक खाट घ्यावी, दोन-तीन महिने शहर पाहावे, कामाच्या जागेपासून बसचे-लोकलचे भाडे किती पडते ते बघावे आणि मग मित्र जमवून खोली घ्यावी. स्वस्त खोली लांब असेल तर तिचे उरलेले पैसे प्रवासात जातात, हे विसरू नये.

अनामत किती घ्यावी यावर महाराष्ट्रात भाडेकरूला उपयोगी पडेल अशी पक्की मर्यादा नाही. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून अनामत घासाघीस करूनच ठरवावी लागते. एक नियम मात्र कधीही मोडू नये. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, मालक खरा कोण हे वीजबिल किंवा घरपट्टीच्या पावतीवरून तपासल्याशिवाय, कुणालाही 'टोकन' म्हणून एक रुपयासुद्धा पाठवू नये. फोनवर स्वस्त खोली दाखवून पैसे उकळणारे नव्या पदवीधरांचीच वाट पाहत असतात.

कागद पक्का करा

आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे, 'लिव्ह अँड लायसन्स' या नावाचे असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर येते. "नुसत्या नोटरीवर भागवू" असे कुणी म्हणाले तर ही गोष्ट नम्रपणे सांगावी.

खर्चाची भीती बाळगू नये. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के दराने धरलेले वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे १,९८,००० आणि अनामतीचे व्याज ५,०००, मिळून २,०३,०००. त्यावर पाव टक्का म्हणजे सुमारे ५०८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. घरी येऊन अंगठा घेऊन नोंदणी करणारे लोक आपला मेहनताना वेगळा घेतात. तिघांत वाटला तर हा खर्च फार नाही. या कागदावर पुढे गॅस, बँक आणि पत्त्याचा पुरावा अशी अनेक कामे होतात.

सही करण्याआधी पाच गोष्टी वाचाव्यात. तिघांचीही नावे करारात आहेत का? अनामतीची पूर्ण रक्कम लिहिली आहे का? ती किती दिवसांत परत मिळणार? मुदतीआधी सोडायचे तर किती दिवसांची सूचना द्यायची? रंगाचे आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे? पैसे बँकेतून द्यावेत. रोख दिले तर पावती घ्यावी. घेतलेल्या पैशाची लेखी पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. राहायला जाताच भिंती, नळ, पंखे आणि विजेच्या मीटरचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. अनामत कापून घेण्याची भांडणे इथेच मिटतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुदत संपली की खोली सोडावी लागते. अडून बसल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडे भरण्याची पाळी येऊ शकते. शब्द पाळणे हे आपल्याकडूनही झाले पाहिजे. एका मुलाने भाडे बुडवले तर त्या गल्लीतली दारे पुढच्या दहा मुलांना बंद होतात.

सोसायटी आडवी आली तर

कधी मालक तयार असतो, पण सोसायटीचे पदाधिकारी "आमची परवानगी लागेल" म्हणतात. सहकार खात्याच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचे असते. परवानगी मागायची नसते. भाडेकरू ठेवल्याबद्दल घेतला जाणारा बिनभोगवटा आकारही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो सभासदाने भरायचा असतो. हे मालकाला माहीत असेल तर त्याचीही हिंमत वाढते.

जातीवरून नकार दिला तर कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा मानला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून सामाजिक बहिष्कारही गुन्हा झाला आहे. "तुम्ही तर बौद्ध झालात, तुम्हाला हा कायदा लागत नाही," असे कुणी ठाण्यात सांगितले तर ते ऐकून परत फिरू नका. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळाला आहे. जातीचे प्रमाणपत्र त्यासाठीच जपून ठेवायचे.

पण खोटी आशाही दाखवू नये. "शब्द दिलाय" म्हणून गोड बोलून नाकारणाऱ्या मालकावर खटला उभा करणे फार अवघड आहे. कारण तो जातीचे नाव तोंडातून काढतच नाही. एका समाजाच्या गृहनिर्माण संस्थेने आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्यता दिली, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. म्हणून जिथे कुणी स्पष्ट बोलले किंवा लिहिले, तिथे तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा, संदेश पुसू नका. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६६ आहे. एकट्या मुलाला ठाण्यात पाठवू नका. वस्तीतली चार शहाणी माणसे सोबत जावीत.

आपलीच दारे

आता थोडे आपल्याकडे पाहू. एके काळी वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत सात-आठ माणसे राहत. तरी गावाहून आलेला पोरगा पायरीवरून परत जात नसे. तो गॅलरीत झोपायचा, नळावर आंघोळ करायचा आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा. ज्या बाईने त्याला दोन भाकरी जास्त थापल्या तिचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. आज आपल्यातल्या अनेकांचे दोन-तीन खोल्यांचे फ्लॅट आहेत, काहींचा दुसरा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. त्यांतले काही जण दलालाला सांगतात, "आपली माणसे नकोत, ओळखीमुळे भाडे मागता येत नाही." काही जण शेजाऱ्यांना आपण कोण ते कळू नये म्हणून आपल्या मुलांना दार उघडत नाहीत. दुसऱ्याने लावलेल्या दारावर बोलण्याचा हक्क हवा असेल तर आपले दार तपासले पाहिजे.

फुकट राहू द्या असे कुणी म्हणत नाही. बाजारभावाने भाडे घ्या, नोंदणीकृत करार करा, पावती द्या. फक्त पूर्ण नाव ऐकून दार लावू नका. प्रत्येक शहरातल्या विहारात एक वही ठेवता येईल: कुणाकडे खोली रिकामी आहे, कुणाला हवी आहे, भाडे किती, मुलींसाठी सुरक्षित जागा कोणती. मुलींच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे, कारण जागा मिळाली नाही की घरचे पहिल्यांदा तिचीच नोकरी सोडवतात. महिला मंडळाने अनामतीसाठी छोटा फिरता निधी काढावा. मुलाने पगार सुरू झाल्यावर सहा हप्त्यांत पैसे परत करावेत, म्हणजे तेच पैसे पुढच्या मुलीच्या कामी येतील. हे काम कोणत्याही मोठ्या पुढाऱ्याची वाट न पाहता येत्या रविवारी वंदनेनंतर सुरू करता येईल.

या वर्षी आपल्या वस्तीतून जी मुले पदवी घेऊन बाहेर पडतील त्यांना पेढे जरूर द्या. सोबत एक चिठ्ठी द्या, आणि तिच्यावर त्या शहरातल्या आपल्या एका माणसाचा पत्ता लिहा.